मदत हवी आहे: उजनीच्या लाटांसाठी विंडसर्फिंगचा बोर्ड

उजनीच्या बॅकवॉटरला पावसाळी वारा लागला की आखूड, उभ्या लाटा उठतात. माझा १३५ लिटर घनफळाचा रुंद फ्रीराइड बोर्ड (सपाट पाण्यावर सरळ वेगात जाण्यासाठीचा) त्यावर नुसता आपटतो, मागचा पाय स्ट्रॅपमधून निसटतो. सोलापूरला परतेपर्यंत गुडघे बोलायला लागतात. मास्टचा (शिडाच्या काठीचा) पाया पुढे-मागे करून झाला, बोर्डखालची फिन लहान लावली, फरक थोडाच.

वजन ७८ किलो. शिडं ५.५ आणि ६.५ चौरस मीटर, तीच ठेवायची आहेत. वॉटरस्टार्ट (पाण्यात असताना शिडाच्या ओढीने बोर्डवर चढणं) जमतो, जाइब (वाऱ्याच्या दिशेने वळण घेणं) कच्चा. मासेमारीची जाळी असतात, म्हणून फॉइल (बोर्डखाली खोल पाण्यात राहणारा पंख) नको. बोर्ड एकच घेणार, जुनाही चालेल. वारा मधेच पडतो, तेव्हा उभं राहून शीड ओढता आलं पाहिजे.

शेपटीकडे अरुंद, तळाला व्ही आकार असलेला ११५ लिटरचा फ्रीमूव्ह (फ्रीराइडपेक्षा वळायला सोपा बोर्ड) ६.५ चं शीड नीट पेलेल का, की १०५ पर्यंत उतरावं?