दंडाने ट्रक हटतील?

हायवेवर ढाब्यांसमोर उभ्या ट्रकांना दंड करा, अशी मागणी होते. पण ड्रायव्हरने जायचं कुठे? चाकणला पहाटे पोचलेल्या गाडीला कंपनीचं गेट उघडेपर्यंत रस्त्याची कडच मिळते. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती, कागदावर!

ताशी ८०ने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. कडेला उभा, मागचा दिवा बंद असलेला ट्रेलर अंधारात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून ट्रक थांबायला तळ एमआयडीसीच्या अलीकडे हवा, आत-बाहेर वळायला स्वतंत्र लेन हवी. आणि दिवे, संडास, राखणदार. डिझेल चोरीला जात असेल तर तिथे कोण झोपेल?