सोलापूरचा निधी: दिल्लीचं खातं कसं? (शुक्रवारी पैसे पाठवायचेत)

खजिनदार:
मंडळी, आपल्या अमेरिकेतल्या मंडळातून सोलापूरच्या मुलाच्या किडनी प्रत्यारोपणासाठी पाठवायच्या निधीचा फॉर्म अडकलाय. ट्रस्ट सोलापूरचा, मुलगा सोलापूरचा, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं! पूरनिधीच्या वेळचा घोळ आठवतोय ना? म्हणून मी सही थांबवलीय. कुणाला माहिती असेल तर गुरुवारच्या आत कळवा.

हिशेबतपासनीस:
खातं बरोबर आहे. २०२०च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी प्रत्येक संस्थेला आधी त्याच शाखेत घ्यावी लागते, मग ती गावाकडच्या बँकेत वळवता येते. दिल्लीचं नसतं तर काळजी होती. फक्त ट्रस्टचा नोंदणी क्रमांक गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

काका (ग्रंथालय):
खात्याचं मिटलं, छान. आता माझी एक विनंती. फॉर्मवर ‘किडनी प्रत्यारोपण शस्त्रक्रियेसाठी’ लिहिलंय, तिथे ‘आणि त्यानंतरच्या औषधांसाठी’ एवढं वाढवा. ऑपरेशनला महात्मा फुले योजनेचा आधार आहे, वर नातेवाईक, गावकरी धावून येतात. पुढच्या गोळ्यांना कुणी धावत नाही, आणि त्या किडनी आहे तोवर रोज घ्यायच्या असतात.

माझं प्रत्यारोपण २०१४चं. ताई साताऱ्याहून आली आणि तिनं किडनी दिली. माझं वय पासष्टच्या आतलं, दुसरं अपंगत्व नाही, म्हणून ३६ महिन्यांनी नियमाप्रमाणे मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्यविमा, बंद. त्याच सुमारास नोकरी गेली, विमा गेला. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमसची गोळी मी पुरवून पुरवून घ्यायला लागलो, सकाळची घ्यायची, रात्रीची टाळायची. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की ते वाढतं) १.२ वरून १.९ वर गेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ताईला हे दोन वर्षांनी सांगितलं, ती फोनवर बराच वेळ बोललीच नाही.

हे सरकार १९७२च्या कायद्यापासून डायलिसिसचा खर्च उचलतंय. गोळ्यांअभावी माझी किडनी गेली असती तर आठवड्यातून तीनदा डायलिसिस पुन्हा त्यांच्याच पैशानं झालं असतं. ज्यांना दुसरा विमा नाही त्यांना या गोळ्या मेडिकेअरमधून पुढेही मिळायला लागल्या २०२३ साली. इथे ही गत, तर त्या मुलाच्या आईनं काय करायचं? एक किडनी तीच देणार आहे.

माजी अध्यक्ष:
काका, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण ठराव ‘शस्त्रक्रियेसाठी’ असा झालाय. शब्द बदलायचा तर तो कार्यकारिणीनं बदलायचा, ईमेलवर नाही. उद्या कुणीही उठून ठराव फिरवेल. घटना लिहिताना आम्ही तीन महिने बसलो होतो.

स्वयंपाक समिती:
अहो काका, म्हणजे गणपतीत तुम्ही पपनस परत केलंत ते यासाठी का? मला वाटलं, प्रसादाच्या रांगेवरून रागावलात. वाईट वाटलं होतं हो.

काका (ग्रंथालय):
वहिनी, छे! पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं. त्यानं टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि किडनीलाच इजा होते. आमच्या कोकणातल्या घरी गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला पपनस हवंच, म्हणून हात पुढे येतो आणि मागे घ्यावा लागतो. पुढच्या वर्षी पानावर कशात काय आहे याची चिठ्ठी लावाल का? मंडळात असे आम्ही दोघं आहोत.

स्वयंपाक समिती:
लावते. आणि गर्दी व्हायच्या आत तुम्हा दोघांची पानं वाढीन.

हिशेबतपासनीस:
घटना कलम नऊ पाहा. मूळ हेतूला धरून असलेला तपशील कार्यकारिणी ईमेल मतदानानं ठरवू शकते. माझं मत होकार.

माजी अध्यक्ष:
कलम नऊ मीच लिहिलंय. मग रीतसर मतदान घ्या. माझाही होकार. पण पैसे एकदम द्यायचे की हप्त्यानं?

खजिनदार:
सात होकार आले, नोंदणी क्रमांकही तपासला. अर्धे शुक्रवारी जातील. उरलेले ट्रस्टनं औषधांची बिलं पाठवली की दर तिमाहीला. काका, बिलावर कुठकुठली नावं दिसायला हवीत, तेवढं लिहून पाठवाल का?

काका (ग्रंथालय):
टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. आणि टॅक्रोलिमसची रक्ततपासणीही धरा. सुरुवातीला ती वरचेवर असते, आणि सोलापूरहून पुण्याला जायचं एसटीचं भाडंही त्यातच आलं.