मदत हवी आहे: क्राबीला दीड महिना, कुकर न्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं कोथरूडचे, नुकतेच निवृत्त झालेले. डिसेंबरच्या मध्यापासून दीड महिना थायलंडला, क्राबीजवळ आओ नांगला घर भाड्याने घेतलंय. आधी कोह सामुई ठरत होतं, पण तिकडे डिसेंबरातही पाऊस असतो. क्राबीकडे, म्हणजे अंदमान समुद्राच्या बाजूला, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं.

आठ दिवसांची ट्रिप असती तर विचारलंच नसतं. दीड महिना म्हणजे संसारच की! घरात एकच शेगडी, तीही इंडक्शन, आणि आमचा कुकर ॲल्युमिनियमचा. तीन लिटरचा स्टीलचा घेऊन जाऊ का? काल बॅग वजनकाट्यावर ठेवली तर मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांचेच साडेपाच किलो. ह्यांचं म्हणणं, "समुद्र बघायला चाललोय की दुकान मांडायला?"

आम्ही शाकाहारी. तिथे भाजीतही माशाचा सॉस घालतात, म्हणून ‘जे’ हा शब्द पाठ केलाय. पिवळ्या पाटीवर ते लाल अक्षर दिसलं की मांसमच्छी नाही (कांदा-लसूणही नाही, म्हणजे आमच्या सासूबाईंचा चातुर्मासच). पण तूरडाळ आणि कणीक तिथे मिळते का?

ह्यांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण दीड महिन्याच्या नेणार आहोत. डॉक्टरांची चिठ्ठी पुरते की वेगळं पत्र घ्यावं? आणि ओहोटीला पाणी फार मागे जातं म्हणतात, तर रोज पोहणारे वेळ कशी जुळवतात?

प्रत्यक्ष राहून आलेल्यांनीच सांगा. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकू आहेत, ती काळजी मिटलीय.