खाडा पडला की सगळंच बारगळतं. असं का होतं?

खाडेबहाद्दर
वय 46, बैठं काम, रक्तदाब काठावर. डॉक्टर म्हणाले, गोळी तीन महिन्यांनी बघू, तोवर रोज अर्धा तास चाला. त्यातला सव्वा महिना गेला.

'21 दिवसांत सवय लागते' असं कुठंतरी वाचलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल स्केचपेननं फुल्या मारायला लागलो. 19 फुल्या झाल्या आणि विसाव्या दिवशी ताप आला. दोन दिवस अंथरुणात. तिसऱ्या दिवशी खडखडीत बरा होतो, पण त्या दोन कोऱ्या चौकटी बघून वाटलं, आता परत एकपासून मोजायचं? मग 'येत्या एक तारखेपासून' ठरलं. एक तारीख आली आणि गेली.

काल लक्षात आलं, ज्या खिळ्याला कॅलेंडर आहे त्यालाच मी हल्ली शर्ट अडकवतो. ठरवून नाही, पण रोज तिथंच.

आळशी म्हणा, ऐकून घेईन. पण मग 19 दिवस पहाटे उठणारा तो कोण होता? या विषयावर म्हणे पुष्कळ संशोधन झालंय. कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

रोखठोक
इच्छाशक्ती कमी पडते, दुसरं काही नाही. मी 11 वर्षं धावतोय. ताप असतानाही गेलोय.

बोलतं_करणारी
रोखठोक, तापात पळू नका हो, एवढंच म्हणते.

खाडेबहाद्दर, तुमचा शर्ट फार ओळखीचा वाटला. मी 14 वर्षं व्यसनमुक्तीत समुपदेशन केलं. एका गृहस्थांनी चार महिने सिगारेटला हात लावला नव्हता. एका लग्नात एक ओढली. मला येऊन सांगितलं ते तीन आठवड्यांनी, आणि तोवर रोजचं पाकीट सुरू झालेलं. मी विचारलं, एका सिगारेटवरून पाकिटावर कसे आलात? म्हणाले, "शब्द मोडलाच होता, मग राखायचं काय उरलं?"

ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञानं 1985 साली नेमकं हेच मांडलं. पाय घसरणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. घसरल्यावर माणूस त्याचा अर्थ काय लावतो, यावर पुढचं बरंच ठरतं. 'ताप आला म्हणून राहिलं' म्हणणारा परत उभा राहतो. 'मी आहेच असा' म्हणणारा त्या एका चुकीला स्वतःचा स्वभाव करून टाकतो, आणि स्वभावापुढं कोण काय करणार? त्यात भर शरमेची. शरम वाटली की माणूस त्या गोष्टीकडं बघायचंच टाळतो. तुमचा शर्ट तेच करतोय.

आता 21 दिवसांबद्दल. हा आकडा पसरला मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून. त्याचं निरीक्षण होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान 21 दिवस तरी लागतात. त्यातलं 'किमान' वाटेत गळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे एकेक नवी सवय लावायला दिली. कृती आपसूक व्हायला लागणारा काळ मधोमध 66 दिवसांचा निघाला, आणि व्यायामाला साध्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. तुमच्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे तुमच्या 19 फुल्या कुठं गेलेल्या नाहीत.

उपाय म्हणून 'रोज चालेन' असं मोघम नको. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं सूत्र आहे 'अमुक झालं की तमुक करेन'. वेळ, जागा, आधीची कृती, सगळं बांधून टाकायचं. आणि दुसरं सूत्र खाड्यासाठी, तेही आत्ताच. खाडा पडल्यावर ते सुचत नाही.

शंकासूर
ताईंचं म्हणणं पटतं, पण आकडे जरा सैल हातानं धरा. 96 पैकी ज्यांच्या सवयीच्या वाढीचा आलेख गणिती रेषेवर नीट बसला ते 39 जण. 66 हा त्यांचा मधला आकडा. पल्ला 18 ते 254 दिवसांचा, आणि अभ्यास तर 84 दिवसांतच संपला होता. म्हणजे 254 हा मोजलेला नाही, पुढं ओढलेल्या रेषेवरचा अंदाज आहे. तेव्हा उद्या 67 व्या दिवशी उठवलं नाही म्हणून रडत येऊ नका.

'अमुक-तमुक' सूत्राचंही तसंच. 2002 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात ज्यांनी कधी, कुठं हे लिहून दिलं त्यांच्यापैकी 91 टक्क्यांनी व्यायाम केला. हृदयविकाराची नुसती माहिती वाचलेल्यांचा आकडा 35 टक्के होता. झकास! पण ते सगळे विद्यार्थी, व्यायाम आठवड्यातून एकदा, आणि केला की नाही हे त्यांनीच सांगायचं. तरी फुकटचं आहे, करून बघायला काय जातं.

खाडेबहाद्दर
उशीर झाला लिहायला. शर्ट काढला. त्या दोन कोऱ्या चौकटींत पेन्सिलनं 'ताप' लिहिलं. लिहिल्यावर त्या चौकटी एकदम निरुपद्रवी दिसायला लागल्या, का ते सांगता येणार नाही.

सूत्र एक: दात घासले की बूट. सूत्र दोन: खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी फक्त 10 मिनिटं, जास्त नाही. हे 'जास्त नाही' माझं मीच घातलंय, कारण मी भरपाई करायला जातो आणि मग पाय धरतात. आज बारावा दिवस, मधे एक खाडा. त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होतो. दात तिथंही घासले, पण बूट घरी.

शर्टासाठी दुसरा खिळा ठोकलाय.

बोलतं_करणारी
बूट न्या.