घरची ई-सायकल: बॅटरी पॅकही आपणच बांधायचा का?

म्हापशेकर
साध्या सायकलला मोटर बसवायचं खूळ आपल्या गोव्यात चांगलंच पसरलंय. चढावावर धाप लागते, पेट्रोल परवडत नाही आणि किट घरपोच येतं. माझं मत आधीच सांगतो. मोटर, कंट्रोलर, ब्रेक हे सगळं घरी खुशाल बसवा, पण बॅटरी पॅक तयारच घ्या. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले सेल जोडत बसणं हा हौसेचा मामला नव्हे. वायरिंग चुकलं तर सायकल बंद पडेल, पॅक चुकला तर घर पेटेल. पटत नसेल तर कारणासकट बोला.

खडपाबांध_वर्कशॉप
अजिबात पटत नाही. तयार पॅक काय देवाघरून येतो? निळ्या आवरणाखाली काय दडलंय ते कापल्याशिवाय कळत नाही. मी दुरुस्तीला आलेले विकतचे पॅक उघडतो. सेल जोडणारी, निकेलची म्हणून लावलेली पट्टी कित्येकदा मुलामा दिलेलं लोखंड असतं. आपल्या खाऱ्या दमट हवेत ती गंजते, रोध वाढतो आणि सांधा तापायला लागतो. पट्टी पारखायची तर थोडी खरवडा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. तांबूस गंज आला की समजायचं, फसवलं. एवढं बघून पॅक बांधणारा पोर धोकादायक, आणि डोळे मिटून पैसे मोजणारा शहाणा?
दिवाळीला वाड्यावाड्यावर पोरं नरकासुराचे पुतळे उभे करतात. लोखंडी सांगाडा वेल्ड करतात, मान हलवायला मोटर बसवतात. त्यांच्याकडे कोणी आयटीआयचा दाखला मागतो का? हात असेच तयार होतात.

डिचोलीचा_मास्तर
नरकासुर पहाटे जाळायचाच असतो हो! पॅक घरात ठेवायचा असतो.
आणि त्या पोरांचे हात तयार होतात ते कसे, तेही बघतो ना आम्ही. पायात चप्पल, डोळ्यावर गॉगल, ग्राइंडरचं गार्ड काढून कोपऱ्यात टाकलेलं. का काढलं? तर चार इंची मशीनला पाच इंची चकती बसवायची होती. हिशोब करा. मिनिटाला 11,000 फेऱ्यांवर चार इंची चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळते. पाच इंची लावली की तीच अडीचशेच्या पुढे. त्यात चकती रेझिनने बांधलेली, पावसाळाभर ओलीत पडून कमजोर झालेली. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि साल छापलेलं असतं, ते वाचणारा मला अजून भेटायचाय. तुटली तर तुकडा चेहऱ्यावरच येतो, गॉगल काय अडवणार?

खडपाबांध_वर्कशॉप
गार्डचं मान्य. माझ्याकडे गार्ड काढलेलं मशीन कोणाच्या हातात देत नाही. पण मास्तर, हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. पोरांना शिकवा म्हणा, बंद करा म्हणू नका.

चोडण_रायबंदर
तुमचा पॅक राहू दे बाजूला. मोटर ‘खुशाल बसवा’ म्हणणाऱ्या म्हापशेकरांना माझा प्रश्न आहे. पुढच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) बसवलेल्या किती जणांनी टॉर्क आर्म लावलाय? मोटर चाकाला जेवढी पुढे ढकलते, तेवढीच तिची दांडी फोर्कच्या खाचेत उलटी फिरायला बघते. लोखंडी फोर्क थोडं सहन करतो. ॲल्युमिनियमचा असेल तर खाच रुंदावते, एक दिवस दांडी गर्रकन फिरते, वायरी पिळवटून तुटतात आणि चाक सुटतं. तेही चढावावर, मागे कदंब बस हॉर्न मारत असताना. टॉर्क आर्म म्हणजे ही दांडी फिरू न देणारी लोखंडाची एक पट्टी, तेवढीच लोक वाचवतात.
ब्रेकचं तेच. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलला असतात तसले दांडीचे ब्रेक आणि क्रोमची लोखंडी रिम, पावसात दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या. पोदेर बिचारा हळू जातो, भोंगा वाजवत जातो. तुम्ही त्याच सायकलीला मोटर लावून ताशी 15 वरून 30 वर गेलात की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ब्रेकचा लिव्हर ओढताच मोटरची वीज तुटली पाहिजे, असा स्विच किटमध्ये येतो. तो न जोडताच ‘चालते की’ म्हणणारे फेरीबोटीवर रोज बघते.

साष्टीकार
मधेच कायदा घुसडतो, माफी असावी. ‘250 वॅटच्या आत, ताशी 25 च्या आत, म्हणजे नोंदणी नको’ हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. या अटी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेल्या असाव्या लागतात. घरी जोडलेल्या सायकलीकडे असला कागद कुठला? उद्या कोणाला ठोकलंत तर तुम्ही सायकलवाले की विनानोंदणी गाडीवाले, यावर वकील भांडतील.

म्हापशेकर
टॉर्क आर्मवरून कान पकडलात ते योग्यच, ‘खुशाल’ हा शब्द मागे. पण पॅकवर मी ठाम आहे, आणि कारण पट्टीचं नाही, चार्जरचं आहे. बाजारात ‘48 व्होल्ट’ या एकाच नावाखाली दोन जातींचे पॅक मिळतात. साध्या लिथियम-आयनचे 13 सेल एकामागोमाग, भरल्यावर 54.6 व्होल्ट. लिथियम-फॉस्फेटवाले 16 सेल, भरल्यावर 58.4. दोन्ही चार्जरांची पिन तीच, रंग तोच काळा. भावाने चुकून दुसरा चार्जर लावला तर सेलमागे 4.2 ऐवजी 4.5 च्या जवळ जाणार. बीएमएस, म्हणजे पॅकमधलं राखणीचं सर्किट, धड असेल तर चार्जिंग तोडेल. घरच्या पॅकमधला स्वस्तातला बीएमएस तोडेलच, हे कोण लिहून देणार?
आणि चार्जिंगला लावतात कुठे? बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत! उघड्यावर बरं, असं वाटतं. पण बाल्कांव म्हणजे घराचं तोंड. पॅक पेटला तर माणसं कुठून बाहेर काढाल? वर जुन्या घराचे लाकडी वासे. ही आग वाळू टाकून दबत नाही, उष्णता आतूनच येत राहते, धूर विषारी. खडपाबांधवाल्यांनी पॅक स्वतःच्या शेडमध्ये ठेवला तर माझं काहीच म्हणणं नाही. आजी झोपते त्या घरात आणता, तेव्हा तिला कोणी विचारलेलं नसतं.

खडपाबांध_वर्कशॉप
तुमचा विकतचा पॅकसुद्धा त्याच बाल्कांवात आणि त्याच चुकीच्या चार्जरला लागणार ना, पात्रांव? मग भांडण जागेचं आहे, बांधणाऱ्याचं नाही. आम्ही पॅकच्या धन टोकाला अगदी जवळ फ्यूज घालतो. चार्जरची पिन वेगळीच बसवतो, दुसरा चार्जर आत जातच नाही. विकतच्यात हे दोन्ही दाखवा, मग बोलू. आणि लॅपटॉपचे सेल मीही वापरत नाही. एकाचा दम वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, कमजोर सेल आधी मरतो आणि बाकीचे त्याला चेचतात. नवे, एकाच बॅचचे सेल घ्या.

डिचोलीचा_मास्तर
म्हणजे लॅपटॉपचे सेल नकोत, हे तुम्हीही म्हणताय. धाग्याची सुरुवात तिथूनच झाली होती.

खडपाबांध_वर्कशॉप
सेल नकोत म्हटलं. बांधू नका नाही म्हटलं.

चोडण_रायबंदर
वेगळ्या पिनचं आवडलं. माझ्या सायकलीला बसवून द्याल का? आणि खोका पाण्यापासून कसा सांभाळता तेही सांगा. फेरीच्या रॅम्पवर भरतीला खारं पाणी थेट चेनपर्यंत उडतं, माझा पॅक बरोबर तिथेच टांगलेला आहे.

खडपाबांध_वर्कशॉप
आधी तो तिथून काढा. वरच्या दांड्यावर घ्या, कनेक्टरचं तोंड खाली. खोका पूर्ण सील करू नका, आतला दमटपणा आतच राहतो. तळाला एक बारीक भोक ठेवा. रविवारी या, टॉर्क आर्म घेऊन.