स्क्वॅट मारताना मांडी दुखते, लवकर सांगा

रॉडखाली_गडी
दोन-तीन आठवडे झाले, स्क्वॅट मारले की मांडी दुखते. वॉर्मअप करतो. फॉर्म ट्रेनरने बघितलाय, ठीक आहे म्हणाला. उद्या परत लेग डे आहे. 'आराम करा' सोडून काहीही सांगा.

कोथरूडचे_काका
कुठली मांडी? पुढून, मागून, आतून? बसताना की उठताना? वजन किती लावता? वय? एवढ्या माहितीवर इथे भविष्य सांगणारे मिळतील, उपाय नाही.

सोयाबीन
प्रोटीन कमी पडतंय. शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम तरी हवं. मी पनीर आणि सोया चंक्सवर आहे, कधी काही दुखत नाही.

तालीमवाला
रॉड खांद्यावर घ्यायची हौसच कशाला? आमच्या कोल्हापुरात पोरं पहाटे जोर-बैठका मारत्यात, वर थंडाई. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक मारलं ते काय स्क्वॅट रॅकवर?

कोथरूडचे_काका
ते कुस्तीचं कांस्य होतं, बैठकांचं नव्हे. बैठकीत टाचा उचलतात, गुडघा पार पुढे जातो. ज्याची मांडी आधीच दुखतेय त्याला हे सांगू नका.

तालीमवाला
तुम्ही एका दमात शंभर मारून दाखवा, मग बोलू.

रॉडखाली_गडी
अहो माझा धागा आहे! उजवी मांडी. ८० किलो लावतो, रॉडचं वजन धरून. वय ३४. याने काय फरक पडतो?

चिल्लर_प्लेट
रॉड २० चा धरलाय ना? बऱ्याच जिममधले रॉड तेवढे नसतात. काट्यावर ठेवून बघा, ८० चे ७२ निघतील. (हलके घ्या)

फिजिओताई
दुखतं म्हणजे कसं? ठणकतं, ओढ बसते की जळजळतं? व्यायामानंतरची नेहमीची दुखी २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते आणि मग ओसरते, बहुतेक वेळा दोन्ही पायांत. एकाच मांडीत आठवडे रेंगाळणारं त्यात बसत नाही.

रॉडखाली_गडी
ठणकत नाही. बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग जळजळतो, मुंग्या येतात. जीन्स घासली तरी नको वाटतं. त्याच खिशात मोबाईल असतो, पण वाढतं स्क्वॅटनंतरच.

रोलरभक्त
आयटी बँड, मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा! फोम रोलरवर रोज दहा मिनिटं लोळा. डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे.

फिजिओताई
लोळू नका. स्क्वॅट मारताना कमरेला जिमचा बेल्ट लावता का?

रॉडखाली_गडी
लावतो की, सगळेच लावतात. आता लिव्हरवाला, खटक्याने आवळायचा घेतलाय, एकदम टाइट बसतो.

फिजिओताई
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मांडीच्या बाहेरच्या कातडीची संवेदना नेणारी एक नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून, जांघेतून खाली येते. बेल्ट खाली बसला असेल तर खोल स्क्वॅटमध्ये त्याची कड नेमकी तिथे रुतते. नस दबली की हेच होतं: जळजळ, मुंग्या, बधिरपणा. मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. घट्ट जीन्स, सुटलेलं पोट, गरोदरपण यांनीही होतं. मधुमेहातही दिसतं, म्हणून साखर तपासून घ्या.
ती नस फक्त संवेदनेची, स्नायू चालवत नाही. त्यामुळे पायातली ताकद कमी झाली असेल, कंबरेतून कळ येत असेल किंवा गुडघ्याखाली जात असेल, तर प्रकरण वेगळं आहे, मग लगेच डॉक्टर. इथे बसून मी पाय तपासू शकत नाही, तेव्हा एकदा प्रत्यक्ष दाखवाच.

सोयाबीन
नसांसाठी बी१२ पण बघा. शाकाहारी आहात का?

रॉडखाली_गडी
मटण खातो. मग उद्या बेल्ट एक भोक सैल करून ८० मारू का?

फिजिओताई
नाही. बेल्ट घरी ठेवा, तो नसताना जमेल एवढंच वजन घ्या, आणि सेटमध्ये जळजळ सुरू झाली तर तिथेच थांबा. जीन्सऐवजी सैल पँट. नस मोकळी झाली तरी काही आठवडे लागतात, घाई करू नका. पुढे बेल्ट वापरलाच तर बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्या मधे, पोटावर.

तालीमवाला
लंगोटाला लिव्हर नसतो.

चिल्लर_प्लेट
बेल्ट १० मिमी आहे की १३? विकणार असाल तर साइज व्यनि (खाजगी निरोप) करा.