गाणी आहेतच की, मधलं बोलणं कोण ठेवणार?

गिरगावकर
चाळ पुनर्विकासाला गेली. पोटमाळा रिकामा करताना बाबांच्या १९ कॅसेटी निघाल्या, सगळ्या रेडिओवरून टेप केलेल्या. गाणी काय, आज फोनवर याहून स्वच्छ मिळतात. पण एका कॅसेटवर (वर पेनने 'आपली आवड, १९८४') बाबांचा हात पॉजवर उशिरा पडलाय आणि पुढच्या गाण्याच्या फर्माईशीचं निवेदन राहून गेलंय: सावंतवाडी, मग चार नावं, मागे आमच्या कुकरची शिट्टी. तेवढंच मी दहादा ऐकलं. माझं मत विचाराल तर रेडिओचा इतिहास दोन गाण्यांच्या मधे आहे. निवेदन, जाहिराती, नावं. जपायचं तर ते आधी.

दादर_टीटी
बाबांनी पॉज दाबला कारण त्यांना ते नको होतं! त्यांनी गाळलेलं तुम्ही त्यांची आठवण म्हणून जपताय. ज्याला त्याला आपल्या घरची शिट्टी गोड. पण पैसा आणि माणसं तुटपुंजी असताना आधी मूळ ध्वनिमुद्रणं वाचवा, सावंतवाडीची यादी नंतर.

जुना_स्पूल
दादरकर, कुठली मूळ ध्वनिमुद्रणं? मी एका केंद्रावर नोकरी केली आहे, नाव सांगत नाही. टेप महाग, म्हणून कार्यक्रम वाजला की पाव इंची स्पूल पुसायचा आणि पुन्हा वापरायचा. इरेजरवर ठेवला की क्षणात कोरा. मी स्वतः पुसलेत. आणि फर्माईशीचं निवेदन लाइव्ह, ते टेपवर यायचंच नाही. ते सापडलंच तर असल्या घरगुती कॅसेटींत.

दादर_टीटी
जे चांगलं होतं ते टिकलंच ना? गीतरामायण टिकलं.

वहिनी_पार्लेकर
टिकलं ते कुठलं? घराघरात आहे ते बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, एकट्याने गायलेलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली, तेव्हा पात्राप्रमाणे गळे वेगळे होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडेही त्यांत. ते ऐकलेले माझे सासरे आयुष्यभर म्हणायचे, 'रेडिओवरचं वेगळं होतं.' आम्हाला वाटायचं, वयाचा परिणाम.

लोकल_८_१२
आणि सगळं आकाशवाणीच्या कपाटात शोधू नका. १९५२ मध्ये केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरच्या सिनेगीतांवर गंडांतर आलं, लोकांनी काटा कोलंबोच्या रेडिओ सिलोनवर नेला. तिथली अमीन सयानींची गीतमाला, हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम, ध्वनिमुद्रित व्हायची आपल्या मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला आणि बुधवारी रात्री शॉर्टवेव्हवरून परत आपल्याच घरात! विविध भारती आली १९५७ साली. आता या इतिहासाची मालकी कोणाची, दिल्लीची की कोलंबोची?

(केसकरांना शिव्या घालणं सोपं आहे. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेली जागा मात्र आपण सोयीने विसरतो.)

दादर_टीटी
मालकीचंच बोलायचं तर गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो. १९८४ ची कॅसेट अख्खी नेटवर टाकलीत तर कंपनीची नोटीस. म्हणजे जपून काय करणार, कपाटात ठेवणार?

जुना_स्पूल
हो, आधी कपाटात! उतरवून तरी घ्या. मात्र रेकॉर्डिंग ऐकून आवाज दबका वाटला तर डेकच्या हेडजवळचा (टेप वाचणारा भाग तो हेड) छोटा स्क्रू हळूच फिरवा, ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असणार. एकदम आवाज उघडतो. आणि बुरशी दिसली तर अजिबात चालवू नका.

गिरगावकर
लॅमिंग्टन रोडवरून डेक आणलाय, स्क्रूही फिरवून पाहिला. चौथं नाव आता स्पष्ट लागतं.

दादर_टीटी
बरं, मानलं. मग त्या सावंतवाडीच्या चौघांनी गाणं कुठलं मागितलं होतं?

गिरगावकर
तेच कळत नाही ना. गाण्याचं नाव येण्याआधी बाबांनी पॉज दाबलाय.